नरक्याचे औषध : झाडापासून किण्वापर्यंत

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील ओलसर रानांत, महाबळेश्वर-कोयनेपासून खाली आंबोलीपर्यंत, एक मध्यम उंचीचा वृक्ष आढळतो. त्याला कोणी अमृता म्हणते, कोणी नरक्या. कुठे तो घाणेरा आहे, तर कुठे कळगूर. नरक्या आणि घाणेरा ही नावे त्याच्या दुर्गंधीवरून पडली हे उघड आहे. परंतु एकाच झाडाला नरक आणि अमृत ही दोन्ही टोके बहाल करणारी ही नामावली भाषेच्या अभ्यासकाला मोहात पाडणारी आहे. (संस्कृत वैद्यकग्रंथांतील अमृता म्हणजे गुळवेल. तिचा या वृक्षाशी काही संबंध नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे.)

वनस्पतिशास्त्रातील त्याचे नावही मुंबई इलाख्याच्या इतिहासाशी बांधलेले आहे. जॉन ग्रॅहम हे मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्यांनी तयार केलेली सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. छपाई पुरी होण्यापूर्वीच ग्रॅहम वारले आणि उरलेले काम निम्मो नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने तडीस नेले. नोथापोडायटिस निमोनियाना या आजच्या शास्त्रीय नावातील 'निमोनियाना' म्हणजे हेच निम्मो. मधल्या काळात मॅपिया फीटिडा, म्हणजे दुर्गंधी मॅपिया, हे नावही प्रचारात होते, आणि पुढे जी हकीकत सांगावयाची आहे तिच्यात ते महत्त्वाचे ठरले.

आमच्या कोहिनूरच्या परिसरात हे झाड नाही. बसवकल्याण तालुक्याचा हा टापू तुरीचा, ज्वारीचा, उडदा-मुगाचा आणि अलीकडे सोयाबीनचा. सह्याद्रीचा पाऊस येथे येता येता पुष्कळसा रिता झालेला असतो. तरीही नरक्याचा इतिहास येथे बसून लिहावासा वाटतो, याला कारण आहे. कर्करोगाचा रुग्ण घेऊन कलबुर्गीचे किदवाई केंद्र, बार्शीचे रुग्णालय किंवा हैदराबाद अशा वाऱ्या करणारी कुटुंबे आता कोणत्याही गावात आढळतात. सलाईनमधून रुग्णाच्या अंगात जे औषध उतरते, त्यातील काही मुळात झाडांची आहेत, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आणि ही औषधे झाडाऐवजी, जनुके बदललेल्या सूक्ष्म जीवांकडून करवून घेण्याची खटपट गेली पंचवीस वर्षे जगभर चालू आहे. ती यशस्वी झाली तर रुग्णाचे काय, झाडाचे काय आणि झाड ज्यांच्या रानात आहे त्यांचे काय, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकाच दिशेला जातील असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

या हकीकतीचा पहिला नायक खानदेशचा आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी उत्तर कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. वॉल यांनी त्याआधी अमेरिकेच्या कृषी खात्यात असताना हजारो वनस्पतींचे अर्क काढले होते. त्यांचा शोध तेव्हा निराळ्याच गोष्टीसाठी चालला होता: कॉर्टिसोन बनवण्यास उपयोगी पडतील अशी द्रव्ये त्यांना वनस्पतींत हवी होती. त्या अर्कांपैकी काही राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीस गेले आणि त्यांत एका चिनी झाडाचा अर्क कर्करोगावर परिणाम करताना दिसला. चिनी लोक या झाडाला आनंदवृक्ष म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका. वॉल आणि वाणी यांनी त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे करून १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव कॅम्प्टोथेसिन.

पाचच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून काढलेल्या टॅक्सॉलची रचना जाहीर केली. एका माणसाच्या वाट्याला अशी दोन औषधे येणे हे रसायनशास्त्राच्या इतिहासात विरळाच. २००० साली वॉल व वाणी यांना केटरिंग पारितोषिक मिळाले. वाणी २०२० मध्ये वारले. महाराष्ट्रात त्यांचे नाव जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही, असे आमचे मत आहे.

आता गोरेगाव. मुंबईच्या या उपनगरात सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र होते आणि त्याचे संचालक टी. आर. गोविंदाचारी हे वनस्पतिरसायनांचे मोठे जाणकार होते. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडाच्या, म्हणजे आपल्या नरक्याच्या, घटकद्रव्यांवर निबंध प्रसिद्ध केला. चीनच्या आनंदवृक्षातील तेच कॅम्प्टोथेसिन नरक्यातही आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आहे, असे त्यांनी दाखवले. दोन झाडांचे नातेही तसे दूरचे. तरी दोघांनी एकच गुंतागुंतीचा रेणू घडवावा, हा निसर्गाचा एक नवलाचा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. 'परंपरागत ज्ञान लुटले गेले' अशी जी कथा वनौषधींबाबत आपण नेहमी ऐकतो, ती नरक्याला लागू पडत नाही. आयुर्वेदाच्या प्रमुख वनस्पतींत त्याला स्थान नव्हते. त्याचे मोल कोणा वैदूने किंवा आजीबाईने सांगितलेले नाही. ते गोरेगावच्या प्रयोगशाळेत कळले. म्हणून ज्ञानाच्या मालकीचा वाद येथे नाही. वाद आहे तो झाडाचा. आणि आमच्या मते तो अधिक कठीण आहे, कारण ज्ञानाला निदान कोणीतरी वारस म्हणून पुढे येतो, रानातल्या झाडाला तोही नसतो.

गोविंदाचारींचा निबंध प्रसिद्ध झाला त्या सुमारास कॅम्प्टोथेसिनचे दिवस फिरले होते. अमेरिकेत रुग्णांवर केलेल्या पहिल्या चाचण्यांत त्याने मूत्राशयाला गंभीर इजा होते असे दिसले आणि चाचण्या थांबल्या. पुढची दहा-बारा वर्षे हा रेणू कपाटात पडून राहिला. १९८५ मध्ये त्याची मारक शक्ती कशात आहे याचा उलगडा झाला. पेशी विभागताना तिच्यातील डीएनएचा पीळ सोडवणारे एक विकर असते. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला डीएनएवरच जखडून टाकते. पीळ सुटत नाही, धागा तुटतो, पेशी मरते. अशा रीतीने कर्करोगावर घाव घालणारे दुसरे औषध तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून रसायनज्ञ पुन्हा कामाला लागले. मूळ रेणूत फेरफार करून त्यांनी कमी घातक अशी दोन औषधे तयार केली: टोपोटेकान आणि इरिनोटेकान. जपानमध्ये इरिनोटेकानला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत दोघांनाही १९९६ मध्ये. मोठ्या आतड्याचा, बीजकोशाचा आणि फुप्फुसाचा एक प्रकारचा कर्करोग यांवर ती आजही दिली जातात. दोन्हींचा कच्चा माल मात्र झाडातलाच.

आणि मग तो वीस वर्षांपूर्वीचा गोरेगावचा निबंध एक पत्ता ठरला. कॅम्प्टोथेसिन सर्वांत स्वस्त कोठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर त्यात छापलेले होते. नव्वदीच्या दशकात कोकण आणि घाटमाथ्यावरच्या रानांतून नरक्याचे लाकूड तोडून, त्याचे तुकडे वाळवून पोत्यांतून बाहेर जाऊ लागले. मागणी जपान आणि युरोपची होती. ज्या झाडाला सरपणालाही कोणी फारसे हात लावत नव्हते, त्याच्या मुळांपर्यंत कुऱ्हाड पोचली, कारण द्रव्य खोडात आहे तसे मुळांतही आहे. दक्षिण भारतातील संकटग्रस्त औषधी वनस्पतींची जी यादी बंगळूरच्या एका अभ्याससंस्थेने २००० साली प्रसिद्ध केली, तिच्यात नरक्याचा समावेश झाला. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत तेव्हापासून अधूनमधून नरक्याच्या तस्करीची आणि वनखात्याने पकडलेल्या मालाची बातमी येत असते. बातमी सहसा चार ओळींची असते. पोती किती, गाडी कोणती, एवढे त्यात मिळते. ते लाकूड शेवटी कोणाच्या नसेत उतरणार होते, हे तिच्यात कधी नसते. गाडीचा चालक आणि तोडणारा मजूर यांच्यापलीकडे साखळीचा शोधही क्वचितच जातो.

कोणीही सुज्ञ माणूस येथे म्हणेल की झाड तोडण्यापेक्षा हे द्रव्य दुसऱ्या मार्गाने का करू नये. तसे प्रयत्न झाले, आणि त्यांतील काही येथलेच आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून त्यांच्याकडून कॅम्प्टोथेसिन मिळवण्याचे प्रयोग केले. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. झाडाऐवजी झाडाच्या पेशी पोसायच्या, अशी ही युक्ती. पेशी वाढत, परंतु झाडाच्या मानाने द्रव्य अगदीच थोडे देत.

याहून चमत्कारिक वार्ता २००५ मध्ये आली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील मंडळींनी पश्चिम किनाऱ्यावरच्या नरक्याच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली आणि ती बुरशी स्वतंत्रपणे, पोषक द्रवात वाढवली असता, कॅम्प्टोथेसिन तयार करते असे दाखवले. झाडाच्या अंगात भाडेकरूसारखे राहणारे असे सूक्ष्म जीव पुष्कळ असतात. त्यांपैकी एकाने घरमालकाची कला उचलली होती! झाड न तोडता पिंपात बुरशी वाढवून औषध मिळेल, ही आशा त्या काळी फार जोराने व्यक्त झाली. पुढे जर्मनीतील डॉर्टमुंड येथे आनंदवृक्षातल्या अशाच एका बुरशीवर काम झाले. तेथे असे आढळले की बुरशीची एकेक पिढी पुढे नेत गेले की तिची औषध बनवण्याची शक्ती घटत जाते आणि काही पिढ्यांत जवळजवळ संपते. रेणू घडवण्याच्या मालिकेतील एक कळीचे विकर बुरशीपाशी स्वतःचे नव्हतेच. ते ती झाडाकडून उसने घेत असावी, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. घर सुटले की कला सुटली.

म्हणजे सूक्ष्म जीवाला ही विद्या कायमची द्यावयाची, तर ती त्याच्या जनुकांत लिहून द्यावी लागणार. या ठिकाणी आपण जनुकीय अभियांत्रिकीच्या दारात येऊन उभे राहतो.

सूक्ष्म जीवांकडून काम करून घेणे आपल्याला नवे नाही. ज्वारीची आंबील ज्या घरात होते तेथे ते रोज चालते. औषधांच्या बाबतीतही महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे: १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन बुरशीकडूनच करवून घेतले जाई, आणि तेथे एका जिवाणूपासून हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध शोधले गेले, तेव्हा त्या जिवाणूचे नावच 'पिंप्रिना' ठेवण्यात आले. परंतु हे जीव जे आपण होऊन बनवतात तेच तेथे घेतले जाते. दुसऱ्याचे जनुक सूक्ष्म जीवात घालून त्याच्याकडून परके द्रव्य बनवून घेणे ही पुढची पायरी. मानवी इन्सुलिन या रीतीने १९८२ पासून बाजारात आले; भारतात वोक्हार्टने ते २००३ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, यीस्टमधून तयार केले.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. त्याचा मजकूर थेट जनुकात लिहिलेला असतो. जनुक दिले की काम झाले. कॅम्प्टोथेसिन किंवा टॅक्सॉल यांचे तसे नाही. त्यांचा मजकूर कोणत्याही एका जनुकात नाही. एका विकराने साध्या द्रव्यात थोडा बदल करायचा, दुसऱ्याने त्यावर आणखी थोडा, अशा वीस-तीस हातांखालून गेल्यावर तो रेणू सिद्ध होतो. हातमागावरच्या पैठणीची कल्पना करावी. सूत कातणारा, रंगवणारा, ताणा लावणारा, कशिदा उचलणारा असे सारे कारागीर आणून बसवल्याशिवाय पदर उतरत नाही. आणि येथे तर त्या कारागिरांपैकी कित्येकांची नावेच झाडाने कोणाला सांगितलेली नाहीत. एकेक विकर ओळखणे, त्याचे जनुक वेचून काढणे आणि ते यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या साध्या किण्वात, नांदते करणे यात प्रयोगशाळांच्या पिढ्या खपल्या.

या कामात नरक्याच्या आधी सदाफुलीचा क्रमांक लागला. सदाफुली आमच्याकडे प्रत्येक अंगणात आहे, देवाच्या परडीत आहे, आणि मधुमेहावर तिची पाने चावण्याचा सल्ला देणारे गावोगावी भेटतात. मूळची ती मादागास्करची. १९५२ मध्ये जमैकातून आलेली तिची काही पाने कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. तेथेही लोक ती मधुमेहासाठीच वापरत होते. नोबल आणि चार्ल्स बिअर यांना साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटलेल्या दिसल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टीन आणि मागोमाग व्हिनक्रिस्टीन ही औषधे पुढे आली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टीनला आजही पर्याय नाही. परंतु सदाफुली हे देताना फार कंजूष आहे: ग्रॅमभर द्रव्यासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. २०१९ मध्ये अमेरिकेसारख्या देशातही व्हिनक्रिस्टीनचा तुटवडा पडला होता आणि मुलांच्या उपचारांचे वेळापत्रक कसे सांभाळावे, या विवंचनेत तेथील डॉक्टर पडले होते.

२०२२ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातून बातमी आली. जे किस्लिंग, मायकेल येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदाफुलीची विद्या यीस्टला शिकवली होती. त्यासाठी यीस्टच्या जनुकसंचात ५६ बदल करावे लागले; तीस विकरांची मालिका त्यात बसवावी लागली. एवढे झाल्यावर यीस्टने व्हिनब्लास्टीनचे दोन अर्धे भाग, कॅथरँथीन आणि व्हिंडोलीन, तयार केले. ते वेगळे काढून रासायनिक रीतीने एकमेकांना जोडण्यात आले. मिळालेले प्रमाण लिटरमागे मिलिग्रॅमहूनही कमी होते. कारखान्याच्या दृष्टीने हे काहीच नाही, आणि तरीही ही घटना मोठी आहे असे आम्ही मानतो. अशी दीर्घ मालिका झाडाबाहेर चालू शकते की नाही, हीच शंका होती, ती फिटली.

वाणींच्या टॅक्सॉलची वाट अधिक नागमोडी ठरली. किलोभर टॅक्सॉलसाठी यू वृक्ष हजारांनी सोलावे लागत आणि सोललेला वृक्ष मरतो. अमेरिकेत त्यावरून मोठा वाद झाला. मग यूच्या पानांतील एका जवळच्या द्रव्यापासून औषध बनवण्याची रीत निघाली, तेव्हा हिमालयातल्या यूवर संक्रांत आली आणि १९९५ मध्ये त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय निर्बंधाखाली आणावा लागला. २०१० मध्ये केरळचे पी. के. अजिकुमार आणि अमेरिकेतील एमआयटीचे ग्रेगरी स्टेफॅनोपोलस यांनी ई. कोलाय या जिवाणूत फेरफार करून टॅक्सॉलच्या मालिकेतील पहिले महत्त्वाचे द्रव्य लिटरमागे सुमारे एक ग्रॅम इतके मिळवले. सर्वांना वाटले, आता थोडेच राहिले. ते थोडे उलगडण्यास आणखी पंधरा वर्षे गेली: २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उरलेली बरीच जनुके शोधून मालिका पुष्कळशी पूर्ण केली, तीही तंबाखूच्या जातीच्या रोपात, सूक्ष्म जीवात नव्हे.

विज्ञानाची बाजू एवढी सांगितल्यावर बाजाराची बाजू टाळता येत नाही, कारण या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला विजय बाजारातच अडला. हिवतापावरचे आर्टेमिसिनीन हे औषध एका चिनी वनस्पतीतून मिळते. त्याच्या शोधासाठी तू योयो यांना २०१५ चे नोबेल मिळाले. वनस्पतीचे पीक कमीजास्त होई, भाव वरखाली होत, आणि आफ्रिकेतील रुग्णांना औषध वेळेवर मिळत नसे. किस्लिंग यांनी यीस्टकडून त्याचा पूर्वघटक बनवून घेण्याचे काम हाती घेतले. गेट्स प्रतिष्ठानने २००४ मध्ये त्यास सव्वाचार कोटी डॉलरहून अधिक साहाय्य दिले. २००६ मध्ये पहिले यश, २०१३ मध्ये लिटरमागे २५ ग्रॅम हे थक्क करणारे प्रमाण, आणि सानोफी कंपनीचा इटलीतील गारेसिओ येथील कारखाना. एवढा सरंजाम सिद्ध होईतो चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी लागवड इतकी वाढवली होती की वनस्पतिजन्य आर्टेमिसिनीन किलोला अडीचशे डॉलरच्याही खाली आले. यीस्टचे साडेतीनशेच्या खाली देणे परवडत नव्हते. २०१५ मध्ये कारखान्याने एक किलोही माल काढला नाही आणि पुढे तो विकला गेला.

ही हकीकत सांगताना 'शेतकऱ्याने यंत्रावर मात केली' असे म्हणण्याचा मोह होतो. तुरीचा भाव बारा हजारांवरून निम्म्यावर आलेला ज्यांनी पाहिला आहे, ते मात्र या विजयाकडे जरा सावधपणे पाहतील. ज्या भावाने यीस्ट हरले, त्या भावात शेतकऱ्यालाही फारसे सुटत नव्हते. पुष्कळांनी ती लागवड सोडली. शिवाय यीस्टची पाककृती नष्ट झालेली नाही. पीक बुडून भाव चढले की ती पुन्हा बाहेर काढता येते, म्हणजे शेतकऱ्याला कधी काळी मिळू शकणाऱ्या चढ्या भावावर तिने एक झाकण ठेवलेले आहे. रुग्णाच्या दृष्टीने हेच झाकण आधाराचे. दोघांच्याही बाजूने पाहिल्यावर मनाची जी ओढाताण होते, तिच्यावर आमच्यापाशी तोडगा नाही.

नरक्याची गोष्ट याहून निराळी आहे ती अशी की, तो पिकवणारा शेतकरी जवळजवळ नाहीच. आर्टेमिसिनीनची वनस्पती एका हंगामात हाती येते. नरक्या हा वृक्ष आहे, त्याला वर्षे द्यावी लागतात. तेव्हा यीस्टने कॅम्प्टोथेसिन बनवले तर कोणाच्या शेतावर नांगर फिरणार नाही. थांबेल ती चोरटी तोड. या एका कारणास्तव, वनस्पतिजन्य औषधे सूक्ष्म जीवांकडून करवून घेण्याच्या खटपटीत नरक्याचा क्रमांक पहिला लागावयास हवा होता, असे आम्हांस वाटते. प्रत्यक्षात टोपोटेकान आणि इरिनोटेकान यांच्यासाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन आजही झाडांतूनच येते.

जनुकांच्या वेचणीत मात्र इतर पुढे गेले आहेत. सदाफुली आणि कॅम्प्टोथेसिन देणाऱ्या वनस्पती यांच्या मालिका आरंभी एकमेकींच्या फार जवळून जातात, त्यामुळे यीस्टला शिकवलेल्या विद्येचा काही भाग येथेही कामाचा आहे. चिनी आनंदवृक्षाचा संपूर्ण जनुकसंच २०१७ मध्ये वाचून प्रसिद्ध झाला. ओफिओऱ्हायझा नावाची एक छोटी वनस्पती आहे, तीही कॅम्प्टोथेसिन बनवते; तिच्या पूर्वेकडील एका जातीचा जनुकसंच जपानी शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये वाचला. ही अक्षरमाला संगणकावर कोणालाही उपलब्ध आहे. ती पाहून हवे ते जनुक प्रयोगशाळेत नव्याने जुळवता येते. पान, साल, लाकूड काही मागवावे लागत नाही.

आपला जैवविविधता कायदा २००२ चा आहे. परदेशी कंपनीने येथील वनस्पती नेली तर परवानगी घ्यावी आणि फायद्यातला वाटा येथल्या लोकांना द्यावा, असे तो सांगतो. ग्रामपंचायतीने गावातील वनस्पतींची नोंदवही ठेवावी, हेही त्यातलेच. २०१० च्या नागोया करारानेही हेच तत्त्व आंतरराष्ट्रीय केले. दोन्हींची कल्पना पोत्यांची आणि जहाजांची होती. वनस्पतीऐवजी तिची अक्षरमालाच गेली तर काय, या प्रश्नावर राष्ट्रांनी कितीतरी वर्षे घोळ घातला आणि अखेर अशा माहितीचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांकडून पैसा गोळा करणारा काली निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला. त्यात पैसा भरण्याची सक्ती नाही.

यीस्टला जेव्हा कॅम्प्टोथेसिन शिकवले जाईल, तेव्हा त्यातील जनुके बहुधा चिनी वृक्षाची आणि त्या छोट्या पूर्वेकडील वनस्पतीची असतील. गोरेगावात ज्याच्यात हे द्रव्य विपुल सापडले, त्या सह्याद्रीच्या वृक्षाला कोणी विचारावयास येण्याची गरज राहणार नाही. मग आंबोलीच्या रानातला नरक्या कुऱ्हाडीपासून वाचेल, आणि ज्यांच्या रानात तो उभा आहे त्यांचा त्या औषधावर कसलाही वाटा उरणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतील.